प्लेटलेट कमी झाल्या? आधी काय पाहावे, कधी दाखल व्हावे आणि योजनेतून काय मिळते

पावसाळा सुरू झाला की घराघरांत एक वाक्य ऐकू येते, "पेशी कमी झाल्यात." रिपोर्टवरचा आकडा पाहून घरचे घाबरतात. कुणी दागिने गहाण ठेवतो, कुणी व्याजाने पैसे काढतो, कुणी रात्री रक्तपेढ्यांच्या दारात उभा राहतो. पुष्कळदा यातले काहीच करण्याची गरज नसते. उलट, आकडा ठीक दिसतो म्हणून रुग्णाला घरीच ठेवले जाते आणि खऱ्या धोक्याच्या खुणांकडे दुर्लक्ष होते, असेही घडते.

या लेखात आपण तीन गोष्टी समजून घेऊ: आकड्याचा अर्थ काय, रुग्णालयात कधी जायचे, आणि आयुष्मान कार्ड किंवा सरकारी रुग्णालयामार्फत कोणता खर्च वाचतो. लेखभर एकच गोष्ट लक्षात ठेवा: फक्त आकडा पाहू नका, माणसाकडे पाहा.

प्लेटलेट म्हणजे नेमके काय?

आपल्या रक्तात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट असतात. मराठी पुस्तकांत प्लेटलेटना रक्तबिंबिका म्हणतात. जखम झाली की त्या तिथे गोळा होतात आणि रक्त थांबवतात. त्या हाडांच्या मगजात तयार होतात, साधारण ७ ते १० दिवस जगतात आणि रोज नव्या बनत राहतात.

बोलताना अनेकजण "पांढऱ्या पेशी कमी झाल्या" असे म्हणतात. पण पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात आणि प्लेटलेट रक्त थांबवतात. ही दोन वेगळी कामे आहेत. डॉक्टरांशी बोलताना रिपोर्टमधील नेमकी कोणती ओळ कमी आहे ते विचारा.

रिपोर्ट कसा वाचायचा?

ही माहिती सीबीसी नावाच्या साध्या रक्ततपासणीत मिळते. निरोगी माणसात प्लेटलेट साधारण १,५०,००० ते ४,५०,००० असतात. प्रत्येक प्रयोगशाळा हा आकडा वेगळ्या पद्धतीने छापते. कुठे "१.२ लाख" असते, कुठे "१,२०,०००", तर कुठे नुसते "१२०". शेवटच्या पद्धतीत आकडा हजारांत असतो. म्हणजे रिपोर्टवर "९५" दिसले तर प्लेटलेट ९५ नसून ९५ हजार आहेत. शेजारी छापलेले एकक आणि सामान्य मर्यादा पाहिल्याशिवाय घाबरू नका.

आकड्यावरून ढोबळ अंदाज असा येतो:

- १ लाख ते दीड लाख: किंचित कमी. बहुतेकांना काही त्रास जाणवत नाही.
- ५० हजार ते १ लाख: आपोआप रक्तस्राव सहसा होत नाही. पण लक्ष ठेवावे लागते.
- २० हजार ते ५० हजार: थोड्या माराने काळे-निळे डाग पडू शकतात. दात काढणे, शस्त्रक्रिया अशा गोष्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.
- २० हजारांखाली: डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहणे आवश्यक.
- १० हजारांखाली: मार न लागताही आतून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

आकडा अचानक फारच कमी आला आणि रुग्ण मात्र ठणठणीत असला, तर तपासणी पुन्हा करून घ्या. काही वेळा नळीतल्या रक्तात प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि यंत्र त्या कमी मोजते. अशा वेळी काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी करता येते. "एकदा स्लाइडवर पाहून सांगाल का?" असे विचारायला संकोच करू नका.

प्लेटलेट कशामुळे कमी होतात?

पावसाळ्यात आणि त्यानंतर सर्वांत जास्त ऐकू येणारे कारण म्हणजे डेंग्यू. पण ते एकमेव नाही. मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस आणि इतर विषाणूजन्य तापांतही प्लेटलेट उतरतात. भातशेतीत किंवा साचलेल्या पाण्यात काम करणाऱ्यांनी लेप्टोची शक्यता डॉक्टरांना जरूर सांगावी, कारण त्यावरचे औषध वेगळे आहे.

ताप नसतानाही प्लेटलेट कमी असू शकतात. बी-१२ किंवा फोलिक ॲसिडची कमतरता, यकृताचा जुना आजार व वाढलेली प्लीहा, दारूचे व्यसन, काही औषधे, हाडांच्या मगजाचे विकार, रक्ताचा कर्करोग ही त्याची कारणे आहेत. आयटीपी नावाच्या विकारात शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वतःच्या प्लेटलेट नष्ट करते. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, आकडा थोडा उतरणे बऱ्याचदा साधे असते. पण सोबत रक्तदाब वाढला असेल, डोके दुखत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

डेंग्यूत खरा धोका कधी असतो?

ताप उतरला म्हणजे बरे वाटू लागले, असा आपला नेहमीचा अनुभव असतो. डेंग्यूत मात्र ताप उतरतानाचा काळच जपण्याचा असतो. आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप कमी होताना, काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून रक्तातले पाणी बाहेर झिरपू लागते. रक्त घट्ट होते, रक्तदाब खाली येतो आणि रुग्ण काही तासांत गंभीर होऊ शकतो. डेंग्यूत जीव जातो तो बऱ्याचदा या झिरपण्यामुळे, केवळ प्लेटलेट कमी झाल्यामुळे नव्हे.

म्हणून डॉक्टर प्लेटलेटबरोबर आणखी एक आकडा पाहतात. रिपोर्टवर तो हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही नावाने असतो. प्लेटलेट झपाट्याने उतरत आहेत आणि पीसीव्ही वाढत आहे, तर ती धोक्याची खूण आहे. रोजचा रिपोर्ट हातात आला की दोन्ही आकडे आदल्या दिवशीच्या आकड्यांशी ताडून पाहा.

या खुणा दिसल्या तर आकडा कितीही असो, लगेच रुग्णालयात न्या:

- पोटात सतत किंवा जोराचे दुखणे
- उलट्या थांबत नाहीत, पाणीही टिकत नाही
- हिरड्या किंवा नाकातून रक्त, लघवीतून रक्त, काळी शौच, रक्ताची उलटी, पाळीत नेहमीपेक्षा फार जास्त रक्तस्राव
- त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके किंवा मार न लागता आलेले डाग
- हातपाय गार पडणे, घाम सुटणे, उभे राहताच चक्कर
- सुस्ती, बडबड, बेचैनी. लहान मूल सतत रडणे किंवा उठवूनही न उठणे
- ६ तासांत लघवीच न होणे
- धाप लागणे
- अचानक तीव्र डोकेदुखी

गरोदर महिला, तान्ही बाळे, वयस्कर माणसे, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले रुग्ण, आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणारे यांना डेंग्यूची शंका आली तरी लवकर डॉक्टरांना दाखवा. वाहन नसेल तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका मागवा.

घरी असताना काय करावे?

धोक्याची खूण नसेल आणि डॉक्टरांनी घरी राहायला सांगितले असेल, तर उपचार साधे आहेत.

पाणी पोटात जाऊ द्या. ओआरएस, भाताची पेज, ताक, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, शहाळे, वरणाचे पाणी, जे रुग्णाला जाईल ते थोडे थोडे देत राहा. लघवी दर ४ ते ६ तासांनी होत असेल, तर पाणी पुरेसे जात आहे असे समजा. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती पाणी द्यायचे ते डॉक्टरांना विचारा.

तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्या, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि दोन गोळ्यांमध्ये ६ तासांचे अंतर ठेवून. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. औषधाच्या दुकानातून "अंगदुखीची गोळी" म्हणून मिळणाऱ्या पाकिटात यांपैकी काही असू शकते, म्हणून नाव वाचून घ्या. ताप उतरावा म्हणून कमरेत किंवा दंडात इंजेक्शन घेण्याचा आग्रह धरू नका. प्लेटलेट कमी असताना त्या जागी आत रक्त साकळू शकते. हृदयविकारासाठी आधीपासून ॲस्पिरिन चालू असेल, तर ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारा.

मऊ ब्रशने दात घासा, दाढी करताना जपा, जड ओझे उचलू नका.

पपईची पाने, बकरीचे दूध, किवी: काय खरे?

डेंग्यूचा रुग्ण बरा होऊ लागला की प्लेटलेट आपोआप वाढतात. बहुतेकांमध्ये सहाव्या-सातव्या दिवसानंतर आकडा वर जाऊ लागतो. त्या वेळी जे खाल्ले असेल त्याला श्रेय मिळते. फळे खाण्यात गैर काही नाही, पण महागडी किवी घेण्यासाठी उधारी करू नका. पपईच्या पानांचा रस कडू असतो आणि त्याने उलट्या झाल्या तर पोटातले पाणी आणखी कमी होते. रस देत आहात म्हणून रुग्णालयात जाणे पुढे ढकलू नका.

प्लेटलेट चढवण्याची गरज कधी असते?

पैसा आणि धावपळ सर्वांत जास्त इथेच होते. म्हणून हे नीट समजून घ्या. केंद्र सरकारच्या डेंग्यू उपचार मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्तस्राव होत नसेल तर साधारणपणे आकडा १० हजारांखाली गेल्यावरच प्लेटलेट देण्याचा विचार करतात. रक्तस्राव होत असेल, तर आकडा काहीही असला तरी डॉक्टर रुग्णाची स्थिती पाहून निर्णय घेतात. ४० हजार किंवा ३० हजार आकडा आहे, रक्तस्राव नाही, रुग्ण पाणी पितो आहे, अशा वेळी बहुधा प्लेटलेटची गरज नसते. चढवलेल्या प्लेटलेट डेंग्यूत फार काळ टिकतही नाहीत आणि त्यांच्यामुळे ॲलर्जी किंवा थंडीताप येऊ शकतो.

डॉक्टरांनी प्लेटलेट आणायला सांगितले, तर शांतपणे तीन प्रश्न विचारा:

१. रक्तस्राव होतो आहे का, की फक्त आकड्यासाठी देणार?
२. साध्या पिशव्या चालतील का, की एकाच दात्याकडून काढलेली पिशवी लागेल?
३. हा खर्च कार्डाच्या पॅकेजमध्ये येतो का?

दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ असा. साधी पिशवी, म्हणजे आरडीपी, नेहमीच्या रक्तदानातून वेगळी काढतात. मोठ्या माणसात एका पिशवीने आकडा साधारण ५ ते १० हजारांनी वाढतो, म्हणून एकावेळी काही पिशव्या देतात. एसडीपी म्हणजे यंत्राद्वारे एकाच दात्याकडून काढलेल्या प्लेटलेट. तिने आकडा साधारण ३० ते ५० हजारांनी वाढू शकतो, पण ती बरीच महाग असते. प्लेटलेट फक्त ५ दिवस टिकतात, म्हणून रक्तपेढीकडे साठा नेहमी असेलच असे नाही.

रक्त विकत मिळत नाही, हे लक्षात ठेवा

भारतात पैसे घेऊन रक्तदान करण्यावर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. रक्तपेढी रक्ताची किंमत घेऊ शकत नाही. तपासणी, साठवण आणि प्रक्रिया यांचे ठरलेले शुल्क तेवढे घेऊ शकते. "दाता मिळवून देतो, इतके द्या" म्हणणाऱ्या दलालापासून दूर राहा. पावती नेहमी मागा. जवळच्या कोणत्या रक्तपेढीत कोणता गट आणि कोणता घटक उपलब्ध आहे, ते केंद्र सरकारच्या ई-रक्तकोष संकेतस्थळावर पाहता येते.

घरातला कुणी प्लेटलेट द्यायला तयार असेल, तर त्याने मागच्या ३ दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी. दिलेल्या प्लेटलेट दात्याच्या शरीरात काही दिवसांत भरून येतात.

कोणती मदत कुठून मिळते?

तपासणी. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयात आधी जा. सीबीसीसारख्या मूलभूत तपासण्या सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत योजनेखाली येतात. डेंग्यूची खात्री करण्यासाठी सरकारने देशभर ठरवलेल्या सेंटिनल रुग्णालयांत एलायझा तपासणी मोफत होते. यासाठी लागणारे आयजीएम किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून पुरवले जातात. तापाच्या पहिल्या ५ दिवसांत एनएस१ आणि त्यानंतर आयजीएम तपासणी उपयोगी पडते, म्हणून ताप कोणत्या तारखेला आला ते लिहून ठेवा.

दाखल होण्याचा खर्च. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत, दाखल होऊन घेतलेले उपचार रोख पैसे न भरता मिळतात. डेंग्यूच्या उपचारांची आणि रक्तघटक देण्याची पॅकेजेस योजनेत आहेत. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतील संबंधित तपासण्या व औषधेही त्यात धरली आहेत. ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठांना उत्पन्नाची अट नाही.

पण लक्षात घ्या, दाखल न होता बाह्यरुग्ण विभागात दाखवण्याचा आणि बाहेरच्या प्रयोगशाळेत रोज केलेल्या सीबीसीचा खर्च या कार्डावर मिळत नाही. म्हणून घरी राहून उपचार घेत असाल, तर सरकारी केंद्रातच तपासणी करून घेणे परवडते.

राज्यांच्या योजना. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र राबवल्या जातात. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. कोणते उपचार यादीत आहेत आणि कोणते फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, हे राज्यानुसार बदलते.

गावापासून दूर असाल तर. समजा तुमचे रेशनकार्ड बीडचे आहे आणि तुम्ही कामासाठी सुरत किंवा हैदराबादला आहात. आयुष्मान भारतचे पात्र कार्ड दुसऱ्या राज्यातील योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातही चालते. पण तुमचे कुटुंब फक्त राज्याच्या योजनेत असेल, तर राज्याबाहेर लाभ मिळेलच असे नाही. कामावर निघण्यापूर्वीच १४५५५ वर फोन करून खात्री करून घ्या.

गरोदर महिला. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या आणि लागल्यास रक्त मोफत मिळते.

ईएसआय कार्ड असलेले कामगार. तुम्हाला व कुटुंबाला ईएसआय दवाखाना व रुग्णालयात उपचार मिळतात. आजारपणाच्या रजेसाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र जरूर घ्या.

रुग्णालयात गेल्यावर

१. आयुष्मान कार्ड, आधार आणि रेशनकार्ड सोबत न्या. जुने रिपोर्ट एकाच पिशवीत, तारखेनुसार लावून ठेवा.
२. प्रवेशद्वाराजवळ आयुष्मान मित्र किंवा आरोग्यमित्र यांचा कक्ष असतो. पैसे भरण्याआधी तिथे नोंद करा.
३. रुग्ण गंभीर असेल तर आधी उपचार सुरू करायला सांगा. कागदपत्रे एकीकडे पूर्ण होतील.
४. योजनेतील उपचारांसाठी पैसे मागितले, तर रक्कम आणि कारण लेखी मागा आणि १४५५५ वर तक्रार नोंदवा.
५. घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड, शेवटचा सीबीसी रिपोर्ट आणि पुढच्या तपासणीची तारीख घ्या.

ताप गेला, पण आकडा वाढत नाही?

डेंग्यूनंतर आकडा साधारणपणे एक-दोन आठवड्यांत पूर्ववत होतो. तसे झाले नाही, किंवा ताप नसतानाच आकडा कमी आला, तर जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. वजन घटणे, गाठी येणे, फिकटपणा, वारंवार ताप ही लक्षणे सोबत असतील तर उशीर करू नका. लहान मुलांमधील आयटीपी बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप बरा होतो. मोठ्यांमध्ये मात्र औषधे दीर्घकाळ लागू शकतात आणि ती स्वतःहून थांबवायची नसतात.

आणि घरातली शेवटची गोष्ट

एक रुग्ण घरात असेल तर त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि रुग्णाला चावून तोच डास दुसऱ्यालाही आजार देतो. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा: पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रीजमागचा ट्रे रिकामे करून घासून पुसा. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही टिकतात.

भिंतीवर लिहून ठेवा: रुग्णवाहिका १०८, आयुष्मान भारत १४५५५. आणि त्याखाली, ताप आला त्या दिवसाची तारीख. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.